समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर कामगार सुरक्षा कायदा लागू होतो का?

तुम्ही विचारलंय की मडगावचा तुमचा भाऊ मुंबई हाय या अरबी समुद्रातल्या तेलक्षेत्राच्या प्लॅटफॉर्मवर कामाला जातो, तर किनाऱ्यावरचे सुरक्षा कायदे तिथे चालतात का. आपोआप चालत नाहीत. आपली सागरी हद्द 12 सागरी मैलांची, म्हणजे सुमारे 22 किलोमीटरची, आणि मुंबई हाय किनाऱ्यापासून सुमारे 160 किलोमीटरवर. तिथे एखादा कायदा न्यायचा तर 1976 च्या सागरी क्षेत्र कायद्याखाली केंद्राला तशी अधिसूचना काढावी लागते. ब्रिटनने तर आपला कामगार सुरक्षेचा 1974 चा कायदा अशाच आदेशांनी तेलाच्या प्लॅटफॉर्मवर आणि पुढे समुद्रातल्या पवनचक्क्यांवरही नेला.

आपल्याकडे तेल-वायूसाठी 2008 मध्ये स्वतंत्र सुरक्षा नियम आले. देखरेख ऑइल इंडस्ट्री सेफ्टी डायरेक्टरेट या केंद्राच्या संस्थेकडे. त्याआधी, जुलै 2005 मध्ये, बोटं कापलेल्या एका स्वयंपाक्याला प्लॅटफॉर्मवर पोचवायला आलेलं जहाज वायूच्या रायझरवर, म्हणजे समुद्रतळातून वर येणाऱ्या पाइपवर, आदळलं, आग भडकली आणि 22 जण गेले. धोका ड्रिलिंगपुरताच नसतो, सोबतच्या बोटीही नियमांत घट्ट बसायला हव्यात, असं माझं ठाम मत आहे. 2021 च्या तौक्ते वादळात बुडालेला पी-305 हा निवासाचा बार्जच, म्हणजे कामगारांच्या राहण्याचा तराफाच होता, त्यात 60 हून जास्त कामगार गेले.

भावाला विचारा, बुडत्या हेलिकॉप्टरमधून सुटण्याचं प्रशिक्षण झालंय का? ते आपल्या बेतुललाच ओएनजीसीच्या केंद्रात देतात. ठेकेदाराचा माणूस असेल तर हे आधी बघा.