त्याच्या पात्राला काय आवडेल?

वाचकांचे प्रश्न : ऑनलाइन खेळांचं पान

प्रश्न : माझा मुलगा २७ वर्षांचा, बंगळुरूला नोकरीला आहे. कॉलेजपासून ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ खेळतो. वाढदिवस दीड महिन्यावर आलाय. शर्ट घेतला की म्हणतो, “आई, आहेत गं खूप.” यंदा त्याच्या खेळातलंच काहीतरी द्यावं असं मनात आहे. ‘माझा ड्रुइड’ एवढाच शब्द त्याच्या बोलण्यातून कानावर पडलाय. तीन-साडेतीन हजारांत बसवायचंय. त्याचे बाबा म्हणतात, एकट्यानं स्क्रीनसमोर बसायला आणखी प्रोत्साहन कशाला?
– एक आई, कोल्हापूर

उत्तर : काकू, ‘ड्रुइड’ हा शब्द तुम्ही नेमका टिपलात. तो खेळातल्या पात्राचा एक प्रकार, त्यामुळे मला बरंच सांगता येईल.

हा खेळ नोव्हेंबर २००४ मध्ये सुरू झाला आणि आजही जोरात चालू आहे. यात माणूस स्वतःचं एक पात्र घडवतो आणि वर्षानुवर्षं तेच जपतो. त्याचं नाव, वंश, केसांची ठेवण, कोणत्या अंगरख्यावर खांद्यांचं कोणतं कवच शोभेल, हे सगळं त्यानं रात्री जागून ठरवलेलं असतं. म्हणून माझा पहिला आग्रह हा की, खेळाचं नाव छापलेला मग किंवा टी-शर्ट घेऊ नका. तो कुणालाही देता येतो. भेट त्याच्या पात्रासाठी घ्या.

आधी एवढं काढून घ्या : तो अलायन्सचा की होर्डचा? खेळातल्या या दोन फळ्या. अलायन्सचा रंग निळा आणि चिन्ह सोनेरी सिंह. होर्डचा रंग लाल. होर्डवाल्याला निळा सिंह दिलात तर तो “छान आहे” म्हणेल आणि कपाटात ठेवून देईल. सरळ विचारायचं नसेल तर गप्पांच्या ओघात “तुझा ड्रुइड दिसतो कसा रे?” एवढंच विचारा. लांब कानांचा नाइट एल्फ असेल तर अलायन्स, शिंगांचा बैलतोंड्या टॉरेन असेल तर होर्ड. मग अर्धा तास तोच बोलेल, तुम्ही फक्त लिहून घ्या.

आता भेट. माझ्या मते सर्वांत चांगली भेट म्हणजे त्याच्या ड्रुइडचं हातानं काढलेलं चित्र, फ्रेम करून. कलामहाविद्यालयातली कितीतरी मुलं असं काम ऑर्डरवर करतात, आणि कोल्हापूरला तर चित्रकारांची वाण नाही. एका पात्राचं अर्धचित्र आणि फ्रेम तुमच्या रकमेत बसावी. पण चित्रकाराच्या हातात नीट संदर्भ द्या. पात्राचं नाव आणि त्याच्या ‘रेल्म’चं, म्हणजे सर्व्हरचं नाव मिळालं, की खेळाच्या अधिकृत संकेतस्थळावर ते पात्र अंगावरच्या कवचासकट बघता येतं. त्याचा एखादा खेळगडी ओळखीचा असेल तर आणखी उत्तम. खेळात ऑल्ट आणि झेड एकदम दाबलं की पडद्यावरच्या सगळ्या पट्ट्या आणि बटणं नाहीशी होतात, नुसतं पात्र उरतं. असे तीन फोटो मागवा : समोरून, पाठीमागून आणि हातातल्या शस्त्राचा जवळून.

ड्रुइडच्या बाबतीत एक प्रश्न मात्र विसरू नका. हा रूप बदलणारा गडी. टँक म्हणून सगळ्यांचा मार अंगावर घेताना तो अस्वल होतो, नख्यांनी लढताना मांजरकुळातला, लांबून मारताना घुबडासारखा पिसांचा. हीलर, म्हणजे साथीदारांच्या जखमा भरणारा असेल, तर झाडाचं रूपही घेतो. तुमचा मुलगा यातलं काय खेळतो ते कळलं, तर चित्रात मागे त्या रूपाची सावली घालता येईल. मी स्वतः आमच्या गिल्डमध्ये, म्हणजे एकत्र खेळणाऱ्यांच्या गटात, हीलर आहे. माझ्या पात्राच्या चित्रात कुणी हातात तलवार दिली तर मला ते परक्याचं वाटेल. चित्रकाराला महिनाभराचा वेळ द्या, कच्चं रेखाटन आधी बघा आणि पैसे किती, हे पहिल्याच दिवशी ठरवा.

पुस्तक आवडत असेल तर ‘क्रॉनिकल’ नावाचे या जगाच्या इतिहासाचे खंड २०१६ पासून निघाले आहेत. नकाशे आणि चित्रं देखणी. त्याच वर्षी खेळातल्या पदार्थांचं अधिकृत पाककृतींचं पुस्तकही आलं. त्यात मांसाहारी पदार्थ भरपूर आहेत, कोल्हापूरला अडचण यायची नाही! तो सुट्टीला घरी आला की त्यातलं एखादं दोघांनी मिळून करा.

खेळाच्या मासिक वर्गणीचं कार्ड मात्र परस्पर घेऊ नका. साधारणपणे कार्ड ज्या देशाचं, त्याच देशाच्या खात्यावर ते चालतं. आणि ‘खेळातलं सोनं स्वस्तात’ विकणाऱ्यांच्या वाटेला तर मुळीच जाऊ नका. पकडलं गेलं तर इतक्या वर्षांचं खातं बंद होऊ शकतं.

आता बाबांच्या शंकेबद्दल. त्यांना नॉर्वेच्या मॅट्स स्टीनची गोष्ट सांगा. स्नायू झिजत जाणाऱ्या ड्युशेन या आजारानं तो २०१४ मध्ये, २५ व्या वर्षी गेला. आपलं पोर मित्रांवाचून, एकटं जगलं असंच आईवडिलांना वाटत होतं. त्यांनी त्याच्या ब्लॉगवर निधनाची बातमी टाकली आणि ठिकठिकाणच्या अनोळखी माणसांची पत्रं येऊ लागली. ती सगळी त्याच्या गिल्डमधली होती; ‘इबेलिन’ या त्याच्या पात्राला ओळखणारी. त्यातली काही जणं अंत्यविधीलाही आली. २०२४ मध्ये खेळाच्या कंपनीनं त्याच्या आठवणीसाठी खेळात कोल्ह्याचं एक पिल्लू विकायला आणलं आणि त्याची कमाई या आजारावर काम करणाऱ्या संस्थेला दिली. तुमच्या मुलाच्या गिल्डमध्ये कोण कोण आहे, हे बाबांनी त्याला एकदा विचारून बघावं. तेही वाढदिवसाची भेटच ठरेल.

प्रश्न : नवरा ‘ओल्ड स्कूल रुनस्केप’ खेळतो. लग्नाचा वाढदिवस आहे, पण घराचे हप्ते चालू आहेत, मोठा खर्च नको. काहीतरी सुचवा.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : शंभर रुपयांच्या आत होईल, आणि तो उडी मारेल.

‘रुनस्केप’ इंग्लंडमध्ये जन्मला, जानेवारी २००१ मध्ये. त्या पहिल्याच नाताळात कंपनीनं खेळाडूंना ‘क्रॅकर’ वाटले. दोघांनी दोन टोकं धरून ओढायचं, फुटला की एकाच्या वाट्याला कागदी टोपी. लाल, पिवळी, निळी, हिरवी, जांभळी किंवा पांढरी. तेव्हा तिला काडीची किंमत नव्हती, बऱ्याच जणांनी टाकून दिली. पुढे नवीन टोप्या येणं थांबलं आणि तीच त्या खेळातली सर्वांत महागड्या वस्तूंपैकी एक झाली. तुमचे यजमान खेळतात ती आवृत्ती २००७ सालच्या खेळाच्या प्रतीवरून २०१३ मध्ये, खेळाडूंचं मतदान घेऊन पुन्हा सुरू झाली; तिथेही ‘पार्टीहॅट’ म्हटलं की डोळे चमकतात.

तर निळा क्रेप कागद आणा. डोक्याच्या मापाची पट्टी कापून वरच्या कडेला टोकदार कंगोरे काढा, मागे चिकटवा. पुठ्ठ्याच्या नळीत टोपी आणि तुमची चिठ्ठी घालून नळीवर रंगीत कागद गुंडाळा, दोन्ही टोकं पिळा. मधोमध पुठ्ठा आधीच थोडा कापून ठेवा, म्हणजे ओढल्यावर लगेच फाटेल. आणि ओढा मात्र दोघांनी मिळून.

प्रश्न : माझी धाकटी बहीण १७ वर्षांची आहे. ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ या खेळातल्या झोंगली नावाच्या पात्रासाठी वेडी आहे. राखीला ओवाळणीत त्याची फिगर, म्हणजे छोटी मूर्ती, द्यायची आहे. एका ठिकाणी ९०० रुपयांना मिळतेय, दुसरीकडे तशीच दिसणारी कितीतरी महाग. फरक काय? की गेममध्येच पैसे भरू?
– एक दादा, नागपूर

उत्तर : फरक अस्सल-नकलीचा असण्याची दाट शक्यता आहे. नकली फिगरच्या केसांच्या कडेला रंग ओघळलेला असतो, चेहरा फिकट, प्लॅस्टिक चिकट, खोका उघडताच उग्र वास. खोक्यावर निर्मात्याचं नाव नसेल किंवा छपाई पुसट असेल तर पैसे देऊ नकोस. विक्रेत्याकडे खोक्याच्या सगळ्या बाजूंचे फोटो माग. टाळाटाळ केली तर तेच उत्तर समज. परदेशातून मागवणार असशील तर पार्सलवर ‘भेट’ लिहून जकात चुकत नाही. ती सवलत डिसेंबर २०१९ मध्ये बंद झाली. गंमत म्हणजे राखीला ती अजून आहे, पण राखीसोबतच्या फिगरला नाही.

अस्सल फिगर परवडत नसेल तर नकली घेऊ नकोस, तिला ती एका नजरेत कळेल. त्यापेक्षा अस्सल अॅक्रिलिक स्टँड, म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकवर छापलेलं पात्राचं उभं चित्र, घे. तो बराच स्वस्त पडतो आणि अभ्यासाच्या टेबलावर मावतो. झोंगली चहाचा आणि जुन्या वस्तूंचा दर्दी, आणि खिशात कधी पैसे न ठेवणारा. एखाद्या कुंभाराकडून गडद तपकिरी मातीचा कप घे, त्यावर सोनेरी रेघ ओढ आणि आत चांगला चहा भरून दे. तो कप कुणाच्या आवडीचा आहे हे तिला सांगावं लागणार नाही.

गेममध्ये पैसे भरायचेच असतील तर फक्त ‘वेल्किन मून’ हा महिन्याचा पास घे. लगेच ३०० क्रिस्टल (त्यांचे तेवढेच प्रिमोजेम, म्हणजे खेळातलं चलन, करता येतात) आणि ३० दिवस रोज ९० प्रिमोजेम मिळतात. नवं पात्र मिळवायच्या एका सोडतीला, म्हणजे ‘विश’ला, १६० लागतात, म्हणजे महिन्याभरात अठराएक विश. मोठी पॅकेट मात्र घेऊ नकोस, हे मी कळकळीनं सांगते. पंचतारांकित पात्र ९० व्या विशपर्यंत नक्की येतं, पण पहिल्या खेपेला ते हवं तेच असेल याची खात्री नसते. १७ व्या वर्षी त्या आशेवर पैसे ओतायची सवय भावानं लावू नये. रोज थोडं मिळणारं बरं.

पैसे भरायचे ते कंपनीच्या अधिकृत पानावरच. त्यासाठी तिचा यूआयडी, म्हणजे खेळातला ओळख क्रमांक, आणि सर्व्हर माहीत करून घे. यूआयडी खेळताना पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात दिसतो. ती खेळत असताना मागून टिपून घे. कुणी पासवर्ड मागितला तर तिथूनच परत फिर. आणि फिगर परदेशातूनच मागवायची ठरली तर आजच मागव, पार्सल जकातीत अडकलं तर राखी निघून जाईल.