सोबती मेला तर हिरा नंतर काढा

डन्जन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायचा गोष्टीचा खेळ, त्याबद्दल निपाणीच्या दादांचा प्रश्न असा आहे: प्लेयरच्या पात्रांची टोळी सहाव्या लेव्हलची. वर्षभर सोबत असलेला वाटाड्या, म्हणजे डीएमनं (खेळ चालवणाऱ्यानं) स्वतः चालवलेलं पात्र, एनपीसी, लढाईत मेला. लढाई लांबली आणि रिव्हिव्हिफायचं, म्हणजे मेलेल्याला लगेच उठवायच्या स्पेलचं (मंत्राचं), मिनिट हुकलं. दोन प्लेयर म्हणतात, काहीही करून उठवा. तिसरा म्हणतो, मेला तर मेला. डीएमनं काय करावं?

आधी नियमाचं उरकून घेतो. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे २०१४ चे नियम धरतोय. रिव्हिव्हिफायला मरणानंतर एक मिनिट मिळतं आणि ३०० गोल्डचे हिरे खर्ची पडतात. उठवायचा दुसरा स्पेल रेज डेड, त्याला दहा दिवस आणि ५०० चा हिरा, पण तो क्लेरिकला, म्हणजे टोळीतल्या पुजाऱ्याला, नवव्या लेव्हलला मिळतो. म्हणजे तुम्हाला एखादं देऊळ गाठावं लागणार. वाट लांबची असेल तर क्लेरिकला प्रेत जपणारा जेंटल रिपोज हा स्पेल टाकायला सांगा. चिमूटभर मीठ, दोन्ही डोळ्यांवर एकेक तांब्याचं नाणं, आणि पुढचे दहा दिवस मुदतीत धरले जात नाहीत. (हाच स्पेल त्या पहिल्या मिनिटात पडला असता तर तुमचा रिव्हिव्हिफायसुद्धा वाचला असता. पुढच्या वेळी लक्षात ठेवा.)

आता खरं दुखणं. कॉम्प्युटर गेममुळं पोरांना उठवायची सवय लागलीय. बाल्डर्स गेट ३ मध्ये तळावरच्या त्या सांगाड्याला २०० गोल्ड दिले की सोबती उभा. पहिल्या बाल्डर्स गेटमध्ये, १९९८ साली, फटका जबर बसला तर सोबत्याच्या चिंधड्या उडायच्या आणि तो कायमचा जायचा. पण तेव्हाही आम्ही काय करायचो? जुना सेव्ह लोड, म्हणजे आधी जपून ठेवलेल्या जागेवरून खेळ पुन्हा सुरू. टेबलावर सेव्ह नसतो, म्हणून सगळा भार डीएमवर येतो.

मी केलेली चूक सांगतो. आमचं टेबल बेळगावात टिळकवाडीत, दर शनिवारी. उद्यमबागेत फाउंड्रीत शिफ्ट करून येणारा एक, दोघं कॉलेजची, एकजण घरी कन्नड बोलणारा आणि मी डीएम. टोळीबरोबर बाळू नावाचा खेचरवाला होता. नियमानं एनपीसी शून्य हिट पॉइंटला, म्हणजे अंगातला जोर संपला की, खलास केला तरी चालतं, पण बाळू सगळ्यांचा लाडका, म्हणून त्याला मी प्लेयरसारखे डेथ सेव्ह, म्हणजे मरणाच्या दारातले फासे, दिले; तीन अपयशं झाली की मेला. फासा टाकला फाउंड्रीवाल्यानं. तो घरंगळत भडंगाच्या ताटलीत गेला. शेंगदाणे बाजूला सारून बघितलं तर एक. म्हणजे दोन अपयशं एकदम. एक आधीच होतं. बाळू गेला.

क्लेरिकनं लगेच हिरे काढले, मीही लगेच उठवला. पुढच्या तीन सेशनमध्ये काय झालं? दार दिसलं की बाळू पुढं. पेटी दिसली की बाळू उघडणार. मी म्हटलं, अरे मरेल तो. उत्तर आलं, "मेला तर उठवू की!" माणसाचं मी खेचर करून ठेवलं होतं.

दुसऱ्यांदा तो एका भुयारात सापळ्यात मेला आणि मिनिटभरात कुणी पोचलंच नाही. मग प्रेत खेचरावर बांधून नऊ दिवसांवरच्या देवळाकडं निघाले. इथं मला नियमातली एक ओळ आठवली: आत्मा राजी नसेल तर तो परत येत नाही. आणि बोलावणारा कोण, त्याचा देव कुठला, हे आत्म्याला कळतं. आपल्याला ही गोष्ट नियमपुस्तकातून शिकायची गरज नाही. दहाव्याला पिंड ठेवून घाटावर ताटकळलेली माणसं आपण बघितलीत. कावळा शिवेना की कुणीतरी पुढं होतं आणि हात जोडून सांगतं, पोरीचं लग्न मी करून देतो, जा तू आता. तेच टेबलावर आणलं. नुसती दिशा उलटी, जाण्याऐवजी यायला राजी करायचं.

देवळात हिरा ठेवला, मंत्र झाला, काही घडलं नाही. मी बाळूच्या आवाजात एवढंच विचारलं, "परत मलाच पुढं धाडणार काय?"

कुणी फासा उचलला नाही. पंख्याचा आवाज तेवढा. शेवटी त्याला दरवेळी पुढं ढकलणारा फाउंड्रीवालाच म्हणाला, "न्हाई मर्दा. दार मी उघडतो." मग कन्नडवाला हळूच म्हणाला, "बा बाळू." मी बाळूला उठवला.

तेव्हा दादा, तुमचा वाटाड्या परत यावा की नाही, हे प्लेयरना मतदानाला टाकू नका. वाटाड्यालाच विचारा. त्याचं कोण वाट बघतंय, काय राहून गेलंय, टोळीनं त्याला कसं वागवलं, हे आधी कागदावर चार ओळीत लिहा. उत्तर नकार आलं तर नकार द्या, हिरा कितीचाही असो. पण तो नकार प्लेयरना समजला पाहिजे. उगाच डीएमचा हट्ट वाटला तर टेबल मोडतं. तिसऱ्या प्लेयरशी सेशनआधी चहा घेत बोलून घ्या. "मेला तर मेला" म्हणणाऱ्याला बहुतेकदा मरण नको असतं, फुकटात उठवणं नको असतं.

रेंजरच्या, म्हणजे रानात वावरणाऱ्या पात्राच्या, सोबती जनावराचं मात्र वेगळं. त्या नियमात लांडगा मेला की आठ तास घालवून दुसरा जोडता येतो. आमच्यात एकीनं असा दुसरा लांडगा घेतला आणि त्याला कधी नावच दिलं नाही. तिथं मी आता जुनाच लांडगा जखमी करून मागं ठेवतो, मारत नाही.

उठल्यावरचंही सोडू नका. रेज डेडनंतर हल्ल्याच्या, सेव्हच्या, चेकच्या प्रत्येक फाशाला उणे चार; रोजच्या लाँग रेस्टनं, म्हणजे लांब विश्रांतीनं, एकेक कमी होतं. चार दिवसांत आकडा संपतो, माणसाचं संपत नाही. आमचा बाळू अंधारात पाय ठेवत नाही आणि कंदील लावून झोपतो. तेलाचा हिशेब फाउंड्रीवाला ठेवतो, स्वतःच्या पात्राच्या शीटवर.