टॅली घरून, पण दार कोणतं उघडायचं?

प्रश्न : सांगलीत माझं कर सल्लागाराचं छोटं ऑफिस आहे. घरून टॅली उघडता यावं म्हणून नेटवाल्याने राउटरवर ३३८९ पोर्ट (बाहेरून आत यायचं क्रमांकाचं दार) उघडून दिला. आता लॉगमध्ये रात्रभर चुकीचे पासवर्ड दिसतात. व्हीपीएनसाठी (घर ते ऑफिस अशा खाजगी, सुरक्षित जोडणीसाठी) फायरवॉलमध्ये काय बदलू?

उत्तर : आधी ३३८९ बंद करा, आजच. बाकीचं उद्या वाचलंत तरी चालेल. रिमोट डेस्कटॉपचा, म्हणजे दुरून संगणक चालवण्याच्या सोयीचा, हा ठरलेला पोर्ट, म्हणून जगभरचे बॉट तिथेच कडी वाजवतात. नंबर बदलून फार तर चार दिवस शांतता मिळते.

व्हीपीएनसाठी मी वायरगार्ड हे सॉफ्टवेअर वापरतो. बाहेरून फक्त त्याचा ठरलेला पोर्ट, यूडीपी प्रकारचा ५१८२०, आत येऊ द्या. योग्य किल्ली नसलेल्याला वायरगार्ड उत्तरच देत नाही. घरात कुणी आहे हेही कळत नाही. पुढचा नियम बरेच जण विसरतात : व्हीपीएनमधून आलेल्याला टॅलीच्या संगणकाचा ३३८९ तेवढा मोकळा, अख्खं नेटवर्क नाही. किल्ली प्रत्येकाची वेगळी. कुणी नोकरी सोडली की तेवढीच काढायची.

तरीही जोडणी होत नसेल तर राउटरचा वॅन पत्ता (इंटरनेट कंपनीने राउटरला दिलेला) बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर सार्वजनिक पत्ता तुमच्या एकट्याचा नाही. इंटरनेट कंपनीकडे स्टॅटिक आयपी (तुमचा एकट्याचा, न बदलणारा सार्वजनिक पत्ता) मागा. (माझा एक अख्खा रविवार यातच गेला होता.)