भिवंडीच्या गोदामासाठी फोर्कलिफ्ट निवडताना

आपले गोदाम बंदिस्त असून माल औषधांचा आहे, एवढ्यावरूनच मी डिझेलऐवजी विद्युत फोर्कलिफ्ट (माल उचलून हलवणारी गाडी) सुचवेन. कारण डिझेल इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड बंद जागेत साचतो आणि त्याला वास नसल्याने कामगारांना धोका कळत नाही.

मात्र खरा विचार बॅटरीचा करावा. लेड-ॲसिड बॅटरी साधारणपणे 8 तास काम, 8 तास चार्जिंग आणि तितकाच वेळ थंड होणे, अशा चक्रात चालते. त्यामुळे दोन पाळ्यांचे काम असेल, तर दुसरी बॅटरी आणि ती बदलण्याची सोय, किंवा जेवणाच्या सुट्टीतही चार्ज करता येणारी, पण महाग अशी लिथियम-आयन बॅटरी घ्यावी लागते. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन हा ज्वालाग्राही वायू बाहेर पडतो, म्हणून ती जागा हवेशीर हवी. तिथे विडी-सिगारेट तर मुळीच नको. या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर चार्जिंग पूर्ण झाल्यावरच घालावे, हे चालकाला आवर्जून शिकवा.

उघड्या यार्डात, मुंबईच्या पावसात, खडबडीत जमिनीवर दिवसभर कंटेनरचा जड माल हलवायचा असेल, तर मात्र डिझेलच सोयीचे. खरेदीपूर्वी विक्रेत्याकडून तुमच्याच रॅम्पवर, पूर्ण भारानिशी चाचणी करून घ्या.