आयईपीच्या मीटिंगला नुसती मान डोलवायला जाऊ नका

सांगलीच्या विश्रामबागेतनं अमेरिकेत न्यू जर्सीला गेलेल्या एका आईचा मेसेज आलाय. पोरगा सात वर्षांचा, दुसरीत, बोलायला उशिरा लागला आणि वाचताना अडखळतो, शाळेनं तपासणी केली आणि आता आयईपीची, म्हणजे खास मदत लागणाऱ्या मुलासाठी शाळा जो लेखी प्लॅन करते त्याची, मीटिंग लावलीय. तिचा प्रश्न असा की ताई, तिथं नेमकं काय बोलू, आणि लगेच सही नाही केली तर शाळा चिडेल का?

आधी ते चिडण्याचं डोक्यातनं काढ बाई. आपण वाढलो सांगलीत, पालकसभेत वडील हात जोडून उभे, "सर तुम्ही म्हणाल तसं, वेळ पडली तर दोन फटके द्या". तीच सवय घेऊन आपण तिकडं जातो, समोर सायकॉलॉजिस्ट, स्पीच थेरपिस्ट, क्लासटीचर असे पाच-सहा जण बसलेले, आणि आपण नुसतं ओके ओके थँक्यू करून परत येतो. माझ्या बहिणीनं अगदी हेच केलं होतं, नंतर वर्षभर हळहळत होती. तिकडचा आयडिया (IDEA) कायदा, अशा मुलांच्या शिक्षणाचा, मूळ १९७५ चा, पालकाला त्या टीमचा मेंबरच धरतो. आणि एच-वन व्हिसावर आहे म्हणून बोलायला घाबरायचं काही कारण नाही, या सोयी फुकट आहेत आणि व्हिसा बघून मिळत नाहीत.

आता मुद्द्याचं. तू पाठवलेल्या ड्राफ्टमध्ये लिहिलंय की वाचन सुधारेल. म्हणजे किती? पावसाळ्यात आपण एकमेकांना नदीला पाणी वाढलंय का असं विचारत बसतो का, आपण विचारतो कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी किती फूट झालं, कारण ४० फुटाला इशारा आणि ४५ ला धोका हे पोरासोरांना पाठ असतं. प्लॅनमधलं गोल, म्हणजे उद्दिष्ट, पण तसंच आकड्यात मोजता आलं पाहिजे. आज तो मिनिटाला २५ शब्द वाचतो, वर्षाअखेर दुसरीच्या पातळीचा उतारा ६० शब्दांच्या वेगानं वाचेल, कोण मोजणार, किती दिवसांनी मोजणार (आकडे मी उदाहरणादाखल टाकलेत, तुझ्या पोराचे शाळेकडून घे). आजचा आकडाच लिहिलेला नसेल तर पुढच्या वर्षी प्रगती झाली का नाही ते कुणाला कळणारच नाही. स्पीच थेरपीचं पण तेच, "स्पीच देऊ" एवढ्यावर गप्प बसू नको, आठवड्यातनं किती वेळा, किती मिनिटं, एकट्याला का ग्रुपमध्ये, वर्गातच का बाहेर नेऊन, हे सगळं कागदावर पाहिजे.

तुला कुणीतरी घरी मराठी बंद करा म्हणालंय ते मुळीच ऐकू नको. दोन भाषांमुळे बोलणं लांबत नाही, आणि खरी अडचण असेल तर ती दोन्ही भाषांत दिसते. म्हणूनच मूल ज्या भाषेत बोलतं त्या भाषेत तपासणी करायची, जमण्यासारखं असेल तिथवर, असं कायदाच सांगतो. त्यामुळे त्याचं मराठी किती आणि कसं बघितलं हे मीटिंगमध्ये विचारच. पटलं नाही तर शाळेच्या खर्चानं बाहेरच्या तज्ज्ञाकडून तपासणी मागता येते, लेखी माग, फोनवरचं बोलणं हवेत जातं. भरभर इंग्रजी झेपत नसेल तर दुभाषा पण आधीच सांगून ठेव, तो शाळेनं द्यायचा असतो, आणि लाजू नको, मीटिंगमधलं इंग्रजी आपल्या इंजिनियर लोकांनाही झेपत नाही.

सहीचं सांगते. हजेरीची सही वेगळी आणि संमतीची वेगळी, कशावर करतेयस ते वाच, ड्राफ्ट घरी घेऊन ये, नवऱ्याबरोबर बसून बघ. पहिल्या प्लॅनला तुझी लेखी संमती लागतेच, तिच्याशिवाय तो सुरू होत नाही. पण फार लांबवू पण नको, कारण पोराची मदत तेवढी लांबते. आणि पुढच्या वर्षापासून न्यू जर्सीत गप्प बसणं म्हणजे हो म्हणणं, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत मिडिएशन (मध्यस्थी) किंवा ड्यू प्रोसेस (तक्रारीची रीतसर सुनावणी) मागितली नाही तर नवा प्लॅन लागू होतो. दरवर्षी मीटिंग, तीन वर्षांनी परत तपासणी, तारखा कालनिर्णयवर लिहून ठेव.

सासूबाई म्हणतायत पोराला शिक्का बसेल, गावात कुणाला सांगू नका. त्यांच्याशी वाद घालू नको, त्यांना कामाला लाव. तूच लिहिलंयस की तो रोज हरिपूरला आज्जीला व्हिडिओ कॉल करतो आणि "आज्जी, पाणी किती फूट झालं गं?" असं अख्खं वाक्य विचारतो. शाळेच्या रिपोर्टमध्ये यातलं एक अक्षर नाही. आज संध्याकाळी कॉल लावलास की रेकॉर्डिंग चालू कर, दहा मिनिटं त्याला बोलू दे, कुठं अडतो तेही येऊ दे, मध्ये तू बोलू नकोस. आणि ते घेऊन मीटिंगला जा.