कोड उडवू नका, आधी लिहून घ्या

जुनी गाडी, डॅशबोर्डवर पेटलेला पिवळा चेक लाइट आणि मोबाइलवर दिसलेला, गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्वस्तातला स्कॅनर. निम्मे प्रश्न याच तिढ्याचे येतात, म्हणून आज एकत्रच उत्तरं देतो.

प्रश्न : माझी २०११ ची पेट्रोल गाडी आहे, एमएच-१५ (नाशिक) पासिंग. स्टेअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट आहे. म्हणजे कुठलाही स्कॅनर चालेल ना? (सिडको)

नाही. सॉकेटचा आकार सारखा असला तरी आतली भाषा वेगळी असू शकते. स्कॅनरच्या जाहिरातीतलं ‘१९९६ नंतरच्या सगळ्या गाड्यांना चालतो’ हे वाक्य अमेरिकेचं आहे, तिकडे त्या वर्षापासून ओबीडी-२ (गाडीने स्वतःचा बिघाड ओळखून कोडने सांगायची ठरलेली पद्धत) सक्तीचं झालं. आपल्याकडे बीएस-४ (धुराच्या प्रदूषणाचा सरकारी नियम) गाड्यांना एप्रिल २०१० पासून ओबीडी-१ (त्याचीच आधीची, साधी पायरी) आणि एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ लागू झालं. त्यातही बीएस-४ सुरुवातीला फक्त १३ शहरांत आलं. मुंबई, पुणे, सोलापूर त्यात होतं, नाशिक नव्हतं. देशभर ते आलं थेट एप्रिल २०१७ ला. त्यामुळे मित्राच्या मुंबई पासिंगच्या गाडीला स्कॅनर चालला म्हणून तुमच्या गाडीला चालेलच, असं धरून चालू नका.

सॉकेटमध्ये टॉर्च मारून बघा. ६ आणि १४ नंबरच्या खणांत पिना असतील तर गाडी बहुधा कॅन या नव्या भाषेत बोलते. तिथे रिकामं आणि ७ नंबरला पिन असेल तर के-लाइन, म्हणजे जुनी भाषा. मग स्कॅनरच्या माहितीत आयएसओ ९१४१-२ आणि केडब्ल्यूपी २००० ही दोन्ही नावं हवीत. तरीही पैसे देण्याआधी तोच स्कॅनर एखाद्या गॅरेजमध्ये स्वतःच्या गाडीला लावून बघा.

प्रश्न : १९९६ ची मारुती ८०० आहे. कोणता घेऊ? (देवळाली कॅम्प)

कोणताच नको. कार्ब्युरेटरची गाडी आहे, स्कॅनरने वाचावं असं तिच्यात काही नाही.

प्रश्न : साडेचारशेचा ब्लूटूथ डोंगल (सॉकेटमध्ये खोचायचा छोटा स्कॅनर) घेतला. मुलाच्या आयफोनला जोडलाच जात नाही. (गंगापूर रोड)

आयफोनला साधा ब्लूटूथ डोंगल चालत नाही. वायफायचा किंवा ब्लूटूथ लो एनर्जीचा लागतो. आणि खोक्यावर ‘ईएलएम ३२७, आवृत्ती १.५’ छापलं असेल तर तो नकली आहे. ही डोंगलमधली मूळ चिप बनवणाऱ्या कॅनडातल्या ईएलएम इलेक्ट्रॉनिक्सने १.५ ही आवृत्ती कधी काढलीच नाही. नकली डोंगल नव्या गाडीवर बऱ्याचदा चालून जातात. जुन्या प्रोटोकॉलवर, म्हणजे के-लाइनसारख्या भाषेवर अडतात, आणि तुम्हाला तर जुन्याच गाडीसाठी हवाय. परत करा. दुसरा घेतलात तर काम झाल्यावर काढून ठेवा. सॉकेटला बॅटरीचा करंट कायम असतो, डोंगल तसाच राहिला आणि गाडी आठ-पंधरा दिवस उभी राहिली तर बॅटरी उतरते.

प्रश्न : पी०१७१ कोड आला. गॅरेजवाल्याने ऑक्सिजन सेन्सर बदलून कोड उडवला (स्कॅनरने पुसला). आठ दिवसांत लाइट परत आला. आता तो दुसरा सेन्सर टाकू म्हणतो. (पिंपळगाव बसवंत)

टाकू नका. कोडमध्ये पार्टचं नाव नसतं, ही गोष्ट मी वर्षानुवर्षं सांगतोय. पी०१७१ चा अर्थ एवढाच, की मिश्रणात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त होतेय. सेन्सरने ते पाहिलं आणि सांगितलं. सांगणाऱ्यालाच बदललंत, तर नवा सेन्सर तेच सांगणार.

अशीच एक गाडी माझ्याकडे आली होती, दोन सेन्सर बदलून झाल्यावर. लाइव्ह डेटात लाँग टर्म फ्युएल ट्रिम (मिश्रण सावरायला गाडी किती पेट्रोल वाढवते-घटवते तो आकडा) बघितला. आयडलिंगला अधिक २२ टक्के, आणि रेस करून आरपीएम अडीच हजारावर धरला की ४ टक्के. म्हणजे हवा थ्रॉटलच्या (हवा आत सोडणाऱ्या झडपेच्या) मागून चोरून आत जात होती. बॉनेट उघडून कान लावला तर बारीक सूं-सूं ऐकू येत होतं. मॅनिफोल्डला (हवा सिलिंडरकडे नेणाऱ्या भागाला) जाणारी बोटाएवढी रबरी नळी खालच्या बाजूने तडकलेली, वरून बघताना धडधाकट. नळी बदलली, काम झालं. सेन्सरचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

आता कोड उडवण्याबद्दल. कोड पडतो त्या क्षणी गाडी आरपीएम, वेग, इंजिनचं तापमान, लोड अशी नोंद साठवते. तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. कोड उडवला की तीही जाते, आणि पुढचा माणूस अंधारात चाचपडतो. म्हणून आधी कोड आणि फ्रीझ फ्रेमचा फोटो काढा, मगच गाडी कुणाच्या हातात द्या. सीएनजी किट बाहेरून बसवलं असेल तर तेही सांगा. किटची सेटिंग बिघडली तरी हाच कोड येतो. गाडी फ्युएल ट्रिम वाचणाऱ्या माणसाकडेच न्या. बिलावर ‘स्कॅनिंग’ लिहिलं म्हणजे तपासणी झाली असं नाही.

प्रश्न : जुनी गाडी घेताना स्कॅनरचा उपयोग होतो का? (सिन्नर)

खूप. पण ‘कोड नाही’ एवढ्यावर खूश होऊ नका. रेडिनेस मॉनिटर (गाडीने स्वतःच्या चाचण्या पूर्ण केल्या का, ते दाखवणारी यादी) बघा. बरेचसे ‘अपूर्ण’ दिसले तर कोड नुकतेच उडवले असावेत, किंवा बॅटरी काढलेली असावी. दोन-चार दिवस गाडी चालवून पुन्हा दाखवा म्हणा. विकणाऱ्याने नाही म्हटलं तर सौदा थांबवा.

प्रश्न : सॉकेटमध्ये लावला की अ‍ॅव्हरेज वाढवतो, असा एक प्लग विकायला आहे. (सातपूर)

फसवणूक आहे. उघडून पाहिलेल्यात लुकलुकणारे दिवे होते, गाडीशी बोलणारं काही नव्हतं. टायरची हवा आणि एअर फिल्टर बघा.

प्रश्न : एअरबॅगचा दिवा लागलाय. माझा स्कॅनर ‘नो कोड’ दाखवतो. (इंदिरानगर)

तुमचा स्कॅनर फक्त इंजिन वाचतो. एअरबॅग आणि एबीएसला त्या कंपनीचं सॉफ्टवेअर असलेला स्कॅनर लागतो. एअरबॅगच्या वायरिंगला स्वतः हात लावू नका, सर्व्हिस सेंटरला न्या.

प्रश्न : कसारा घाट चढताना चेक लाइट उघडझाप करतो, गाडी मिसिंग मारते. उतारावर बंद होतो. पुढच्या महिन्यात दाखवलं तर चालेल? (इगतपुरी)

नाही, याच आठवड्यात दाखवा. लाइट नुसता पेटून राहणं वेगळं, उघडझाप करणं वेगळं. एखादा सिलिंडर नीट पेटत नाही आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर साफ करणाऱ्या भागात) जाऊन तो तापतोय. प्लग-कॉइलवर भागणारं काम तुम्ही कन्व्हर्टरवर नेताय. पी०३०१ ते पी०३०४ पैकी कोड असेल तर शेवटचा आकडा सिलिंडरचा, तो लिहून न्या. तोवर घाटात जाऊ नका. वाटेत लाइट उघडझाप करू लागला तर अ‍ॅक्सिलरेटर सोडा, गाडी कडेला घ्या आणि टोइंग बोलवा.