सह्याद्रीचे फोटो काढतो. मोठे वॉल प्रिंट विकून घर चालेल का?

तुम्ही विचारलंय की काही वर्षं गडकिल्ल्यांवर फिरून फोटो काढताय, इन्स्टावर लोक वाहवा करतात, तर आता नोकरी सोडून भिंतीवरचे मोठे प्रिंट विकावेत का.

मी पुण्यात हेच करतो. पहिली चार वर्षं नोकरी सांभाळून केलं, तेव्हा तुम्हीही राजीनामा इतक्यात खरडू नका. लाइक देणारा वेगळा आणि नव्या भिंतीत ड्रिल मारू देणारा वेगळा. माझ्या फोटोंचं सगळ्यांत जास्त कौतुक फोटोग्राफर मित्र करतात, आणि त्यांच्यातल्या एकानेही आजवर एक प्रिंट घेतलेला नाही. त्यांच्याकडे स्वतःचेच पडून आहेत.

घेतात ते नव्या फ्लॅटची वास्तुशांत ठरलेले लोक, दवाखान्याचं नूतनीकरण काढलेले डॉक्टर, रिसॉर्टवाले आणि इंटिरियरवाले. यांना फोटो किती कठीण होता याच्याशी काही देणंघेणं नसतं. तीन रात्री थंडीत कुडकुडून काढलेली माझी आकाशगंगा अजून गोडाऊनमध्ये आहे. उलट भंडारदऱ्याचा एक साधा, ढगाळ सकाळचा फोटो चारदा विकला गेला. त्यातले तिघं अकोले तालुक्यातले निघाले. माणूस भिंतीवर आपलं गाव लावतो, हे मला फार उशिरा कळलं. आता गिऱ्हाईक आलं की मी आधी विचारतो, ‘मूळचे कुठले तुम्ही?’

दुसरा प्रश्न ते मला विचारतात: सूर्य उगवता आहे की मावळता? मावळता घरात नको असतो. पहिल्यांदा मला हसू आलं होतं. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याचा माझा सगळ्यांत आवडता फोटो एका काकूंना दाखवला, त्या म्हणाल्या, ‘हाच द्या, पण उगवतीचा.’ कड्याचं तोंडच पश्चिमेला, तिथे समोर उगवता सूर्य आणू कुठून? खोटं सांगून विकता आलं असतं, नाही विकलं. पण त्या दिवसापासून राजगड-तोरण्यावर पहाटेच्या चकरा वाढवल्या. धबधबा कुठल्या दिशेच्या भिंतीला, हेही लोक वास्तुवाल्याला विचारून येतात. तिथे वाद घालू नका. वाघ घरात जवळपास कोणीच लावत नाही. ताडोबाचे माझे वाघ गेले ते सगळे हॉटेलांत.

आता आकार. फ्लॅटमध्ये मोठा प्रिंट म्हणजे बहुतेकदा सोफ्यावरची भिंत, आणि ती जागा आडवी असते. कॅमेऱ्याचा फोटो तीनास दोन. सहा फूट रुंद केला की उंची चार फूट होते, सोफ्यावर तेवढी जागाच उरत नाही. म्हणून ६ बाय २ फुटांचे लांबट प्रिंट माझ्याकडे सर्वांत जास्त जातात. त्यासाठी कॅमेरा उभा धरून, ट्रायपॉडवर, सहा फ्रेम एकमेकींवर चढवत घ्या आणि नंतर जोडा. २४ मेगापिक्सेलचा एकच फोटो ६,००० पिक्सेल रुंद असतो. सहा फुटांवर ताणला तर इंचाला ८३ पिक्सेल येतात. आठ फुटांवरून चालून जातं, पण पाहुणे नाक लावून बघतात. सहा फ्रेम जोडल्या की सुमारे १६,००० पिक्सेल मिळतात, इंचाला दोनशेच्या वर. महागड्या कॅमेऱ्यापेक्षा ही सवय स्वस्त. कास पठारावरचा तेरडा आणि सोनकीचा गालिचा तर असाच काढावा, एका फ्रेममध्ये तो गालिचा न वाटता पायपुसणं वाटतो.

प्रिंट काळपट आला म्हणून लॅबशी भांडू नका. दोष बहुधा आपल्या मॉनिटरचा, तो फार उजळ ठेवलेला असतो. ब्राइटनेस उतरवा, मॉनिटर कॅलिब्रेट करा, म्हणजे त्याचे रंग आणि उजेड मोजून प्रमाणात आणा, आणि पूर्ण प्रिंट काढण्याआधी त्यातला ए-फोर एवढा तुकडा खऱ्या मापात छापून घ्या. मग तो दिवाणखान्यातल्या पिवळ्या दिव्याखाली बघा, कारण गिऱ्हाईक तिथेच बघणार आहे.

माझं सर्वांत मोठं नुकसान पावसाळ्याने केलं. मुंबईत समुद्रासमोरच्या घरी एमडीएफवर (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोर्डावर) चिकटवलेला प्रिंट दिला, पहिल्याच पावसाळ्यात कडा पाव-रोटीसारख्या फुगल्या. नवा करून दिला, पदरचे पैसे घालून. तेव्हापासून कोकणपट्टीत एसीपी शीटवर (दोन बाजूंना ॲल्युमिनियम, मध्ये प्लास्टिक), नाहीतर कॅनव्हास, आणि मागे हवा खेळायला जागा. खिडकीसमोरच्या भिंतीला काच किंवा ॲक्रिलिक देत नाही. त्यात फोटोऐवजी समोरची बिल्डिंग दिसते.

किंमत लावताना छपाई, फ्रेम, टेंपो आणि बसवणारा माणूस एवढं धरून मी अडीच पट लावतो. इंटिरियरवाल्यांचं कमिशन त्यातूनच जातं. सुरुवातीला दीडपट लावायचो आणि वर्षअखेरीस हाती फक्त धाप उरायची. निम्मा ॲडव्हान्स घेतल्याशिवाय छपाईला टाकू नका, ओळखीतल्यांचं काम तर नाहीच.

एक कायद्याचं. कोणी पैसे देऊन ‘आमच्या रिसॉर्टचा परिसर काढून द्या’ म्हटलं, तर १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर त्या फोटोचा पहिला मालक काम देणारा ठरतो. हक्क आपल्याकडे हवे असतील तर आधी कागदावर घ्या. आणि ड्रोन उडवण्याआधी जागा अभयारण्यात येते का ते बघा, हरिश्चंद्रगड येतो.

राहता राहिली लिफ्ट. ऑर्डर घेताना भिंत सगळेच मोजतात. मी ६ बाय ४ चा बांधलेला प्रिंट एकदा बाणेरला घेऊन गेलो, तो लिफ्टमध्ये शिरेना. अकरावा मजला. मी, टेंपोवाला आणि सोसायटीचा वॉचमन, दर मजल्यावर वळणाला तिरका करत वर गेलो, आणि नवव्या मजल्यावर फ्रेमचा कोपरा गेलाच. आता एवढा मोठा असेल तर कॅनव्हास गुंडाळून नेतो आणि लाकडी चौकटीवर त्यांच्या घरातच ताणतो. तासभर जास्त जातो, पण चहा मिळतो.